मन उडालेली माणसं

आमच्या घरभेटीच्या फाइलीत एक चौकोन आहे, 'आध्यात्मिक स्थिती' नावाचा. औषधांच्या आणि जखमांच्या रकान्यांत बारीक अक्षरांची दाटी असते, या चौकोनात मात्र बहुतेक वेळा एकच शब्द सापडतो. 'देवभक्त'. कधी 'माळकरी', कधी 'धार्मिक वृत्ती'. लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. दुपारचं ऊन, दिवसातलं चौथं-पाचवं घर, भिंतीवर विठ्ठल-रखुमाईची तसबीर, खाटेवरचा माणूस हात जोडून म्हणतो, 'पांडुरंगाची इच्छा.' लिहिणारा सुटतो.

सोलापूर जिल्ह्यात पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या, पथकाबरोबर समुपदेशक म्हणून फिरताना माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की होत गेली. आपल्याकडे नैराश्य देवाच्या भाषेत बोलतं. 'आता काही नको', 'कशात मन लागत नाही', 'त्यानं लवकर उचलावं' ही वाक्यं ऐकली की घरचे मान डोलावतात आणि म्हणतात, बघा, किती विरक्त झालेत. उपचार होऊ शकणारं एक दुखणं साधुत्वाच्या खात्यावर जमा होतं. खरी विरक्ती मी पाहिलेली नाही असं नव्हे. मोजकी का होईना, पाहिली आहे. पण तशा माणसाला चहा गोड लागतो. नातू शाळेतून आला की तो त्याची पाटी बघतो, दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी करतो, सुनेला म्हणतो, जरा पाठ टेक. नैराश्यात माणूस जे नकोसं होतं तेवढंच सोडत नाही, जे जिवापाड आवडायचं तेही सोडतो. वर स्वतःला दूषणं देतो.

डॉक्टरांनाही हे ओळखणं सोपं जात नाही, कारण नैराश्याची नेहमीची लक्षणं कर्करोगातही असतातच. भूक मेलेली, झोप उडालेली, वजन उतरलेलं, अंगात त्राण नाही. त्यावरून काहीच ठरत नाही. मग उरतं ते विचारणं: कशात तरी रमता का? स्वतःबद्दल काय वाटतं? आपण घरच्यांना ओझं झालो असं वाटतं का? कागदावर ताण मोजायचं एक साधन आहे, थर्मामीटरचं चित्र आणि शून्य ते दहा आकडे. चार किंवा त्याहून जास्त आकडा आला की पुढे सविस्तर बोलायचं. हे चित्र मी एका मावशींपुढे धरलं, तर त्या म्हणाल्या, "ताप न्हाई मला, कालच बघून गेल्या नर्सबाई." तेव्हापासून मी ते चित्र पिशवीतच ठेवते आणि तोंडी विचारते.

आधी मात्र अंगाचं दुखणं. वेदना दहापैकी आठवर असताना माणसाशी जगण्याच्या अर्थाबद्दल बोलायला जाणं हा अडाणीपणा आहे, मग पदवी कितीही मोठी असो. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून, तिच्या जोडीला पोट साफ ठेवणारं औषध. एवढं नीट झालं तरी अर्ध्या लोकांचा देवाशी चाललेला तंटा मिटतो. अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळण्याच्या अटी सोप्या झाल्या. तरी तालुक्याच्या गावी ते सहजी मिळत नाही, आणि आठवड्याच्या गोळ्यांसाठी पोराला एस.टी.नं सोलापूर गाठावं लागतं. अंगाचं आणि मनाचं दुखणं वेगळं काढता येत नाही, हे सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश बाईंनी फार आधी ओळखलं होतं. त्या आधी नर्स, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. शरीराचं, मनाचं, संसाराचं आणि आत्म्याचं दुखणं मिळून एकच वेदना होते, हे त्यांचं म्हणणं. 1967 साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. 1986 साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झालं. 2002 साली जागतिक आरोग्य संघटनेनं पॅलिएटिव्ह केअरची व्याख्या नव्यानं केली, तिच्यातही आध्यात्मिक दुखण्याचा उल्लेख आहे. व्याख्येत शब्द आला म्हणून आमच्या फाइलीत चौकोन आला. चौकोनात काय लिहायचं ते मात्र खाटेजवळ बसूनच कळतं.

एक माळकरी गृहस्थ होते, त्यांना अण्णा म्हणू. (ओळख पटू नये म्हणून इथल्या सगळ्यांचेच तपशील बदलले आहेत.) भजनी मंडळात गाणारे, पहाडी आवाजाचे. माळ घातली की मांस-मद्य सुटतं, तंबाखू कित्येकांची सुटत नाही. टाळ आणि चुन्याची डबी एकाच पिशवीत असतात. जिभेचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत जिभेचा मोठा भाग काढावा लागला, नंतर किरणोपचाराचे शेक दिले. बोलणं गेलं आणि नाकातून नळी आली. तरी संध्याकाळी घरात हरिपाठ सुरू झाला की हे उठून बसायचे आणि मांडीवर बोटांनी ताल धरायचे. आम्ही त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते असे होते.

मग एका भेटीत ते भिंतीकडे तोंड करून पडलेले दिसले. गळ्यात माळ नव्हती. बायको म्हणाली, आठ दिवस झाले, हरिपाठाला उठत नाहीत, नळीतून दूध द्यायला गेलं की हात झटकतात. शेजारचे एक वयस्क गृहस्थ समजुतीनं म्हणाले, "मन काढून घेतलंय त्यांनी, मॅडम. माउली न्यायला येणार."

बोलता न येणाऱ्या माणसाशी पाटीवर बोलणं हा वेगळाच प्रकार असतो. तो लिहितो, ओल्या फडक्यानं पुसतो, पुन्हा लिहितो. मधल्या वेळात आपण गप्प राहायचं असतं. ते शिकवलेलं असलं तरी जमायला वेळ लागतो. मी विचारलं, माळ कुठाय? त्यांनी देवळीकडे बोट दाखवलं. कुणी काढली? छातीला हात लावला. का? बराच वेळ पेन्सिल नुसती पाटीवर टेकून धरली आणि मग दोनच शब्द लिहिले. 'मी बाटलो.'

हळूहळू उलगडलं ते असं. आहारतज्ज्ञांनी प्रथिनं वाढवायला अंडी लिहून दिली होती, आणि जखम भरायची तर सल्ला योग्यच होता. वडील हो म्हणणार नाहीत हे मुलाला ठाऊक. मग त्यानं न सांगताच नळीच्या दुधात अंडं फेटून द्यायला सुरुवात केली. जीभच नाही, तर चव कळणार कुणाला? पण ढेकर आला आणि वास कळला. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. माळ काढली, देवळीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मुलगा अंगणात मोटारसायकलीला टेकून उभा होता. मी नुसतं 'अंडं' म्हणाले तर त्याचे डोळे भरून आले. "मग काय उपाशी मरू देऊ का ताई? तुम्ही सांगा." त्याला काय सांगणार? त्याचं प्रेम खोटं नव्हतं, बापाचा नेमही खोटा नव्हता. आमच्या नर्सताईंनी आहारतज्ज्ञांना फोन लावला आणि अंड्याशिवायचा तक्ता करून घेतला: दूध आणि दुधाची पावडर, सोयाबीनचं पीठ, मुगाच्या डाळीचं घट्ट पाणी, शेंगदाण्याचं कूट वाटून, दोनदा गाळून, नळीत अडकू नये इतकं पातळ. मुलानं बापाच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. आम्ही तेव्हा घराबाहेर थांबलो होतो. पुढच्या एकादशीला दिंडीतले एक वडीलधारे वारकरी आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माळ परत घातली. नकळत घडलेल्याचा दोष तुमच्याकडे नाही, असं ते म्हणाले. ते मी म्हटलं असतं तर त्याला काडीची किंमत आली नसती.

ही गोष्ट मी कुठे सांगितली की लोक इथेच टाळ्या वाजवतात. पण माळ गळ्यात आली तरी त्यांना झोप आली नाही. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, आपण मेलेलं बरं हा धोशा सुरूच राहिला. डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली. ती रात्री कुटून नळीतून द्यायची. तिनं झोप येते, मळमळही थोडी कमी होते. तिचा खरा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर घरच्यांना धीर धरायला सांगावं लागतं, आणि माणूस जिवाचं काही करून घेणार नाही ना, याकडे लक्ष ठेवायलाही. मांडीवरचा ताल परत आला तो त्यानंतर. माळेनं आला की गोळीनं, हा वाद अण्णांच्या घरात कधी झाला नाही. तो आमच्याच बैठकांत होतो.

आध्यात्मिक स्वास्थ्य मोजायची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात बारा प्रश्न आहेत. काही श्रद्धेबद्दल आहेत, काही मनाच्या शांतीबद्दल आणि जगण्याला अर्थ वाटतो का याबद्दल. ती वापरून झालेल्या बऱ्याच अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: नैराश्याशी जास्त घट्ट नातं शांतीच्या आणि अर्थाच्या प्रश्नांचं आहे, नुसत्या श्रद्धेचं त्या मानानं कमी. म्हणजे श्रद्धा भरपूर आणि शांती शून्य असा माणूस असू शकतो. देव आपल्याला शिक्षा करतोय असं ज्याला वाटतं त्याचा मानसिक त्रास जास्त असतो, हेही मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या वाटेनं गेलेल्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. आमच्या माळकरी अण्णांना यातलं काही नवं वाटलं नसतं.

शिक्षेची ही भावना बायकांमध्ये मला जास्त दिसते. बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत त्या भागातल्या बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळला तो गर्भाशयमुखाचा कर्करोग. हा आजार अंगावरून रक्त आणि वास येणारं पाणी घेऊन येतो. औषधाच्या पुस्तकात हे एक लक्षण आहे. घरात तो विटाळ आहे. एक बाई कित्येक महिने देवघराच्या उंबऱ्याबाहेर होत्या. कुणी हाकललं नव्हतं. सासूबाईंनी तर दोनदा म्हटलं होतं, ये की आत. पण लहानपणापासून अंगात मुरलेलं असं सुटत नाही. रोजची पूजा त्यांची होती, लग्न होऊन आल्यापासूनची. ती धाकट्या जावेकडे गेली. 'देवानंच लांब केलं' असं त्या सांगायच्या. माहेरचा नवस फेडायचा राहिला होता, त्याचंच हे, असा हिशोब त्यांनी मांडला होता.

इथे मी काय बोलले ते सांगण्यासारखं नाही, कारण बोलण्यानं काही झालं नाही. रक्त थांबवायच्या गोळ्या दिल्या, बार्शीला नेऊन थोडे शेक दिले, वासासाठी मेट्रोनिडॅझोल सुरू झालं. रक्त जवळजवळ थांबलं. त्यांनी स्वतःच्या हिशेबानं दिवस मोजले, न्हाणं केलं आणि एका सकाळी देवघरात गेल्या. जावेनं सांगितलं, नुसतं निरांजन लावायला गेल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत. नवसाचा हिशोब त्यांनी सोडला नाही. भावाकडून तो फेडून घेतला आणि मगच स्वस्थ झाल्या. एखाद्याच्या श्रद्धेतली कुठली वीट काढायची आणि कुठली नाही हे बाहेरच्यानं ठरवू नये, असं माझं मत या बाईंमुळे झालं. करणीच्या नावाखाली पैसे उकळणारा देवऋषी घरात शिरला तर मात्र मी तोंड उघडते. तिथे माझ्याकडे सबुरी नाही.

सबुरी नसलेली आणखी एक जागा म्हणजे 'पॉझिटिव्ह राहा'. हे वाक्य हल्ली खेड्यातही पोचलं आहे. पुण्याहून भेटायला आलेले भाचे-पुतणे पेढ्यांच्या खोक्याबरोबर ते ठेवून जातात. रुग्णाला त्याचा अर्थ बरोबर कळतो: आमच्यासमोर रडू नका. आजार वाढला की वर आणखी एक ओझं बसतं, मीच मन खंबीर ठेवलं नाही म्हणून वाढला. मनाच्या खंबीरपणानं गाठ विरघळत नाही. हे मी स्पष्ट सांगते, आणि सांगितल्यावर कितीतरी बायकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते.

कधी गोष्ट उलट्या बाजूनंही फसते. एका आजींना रात्री अंगणातून वारकरी जाताना दिसायला लागले, टाळ-मृदंगासकट. घर हरखून गेलं. शेजारीपाजारी पाया पडायला यायला लागले. पण आजी घाबरलेल्या होत्या, कपडे ओढत होत्या, लेकीला ओळखत नव्हत्या, दुपारी जरा बऱ्या आणि रात्री पुन्हा तेच. नर्सताईंनी ओटीपोटावर हात ठेवला तर ते टणक लागलं. नळी घातली, जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. रक्तातलं सोडियमही उतरलेलं निघालं. दोन दिवसांत वारकरी गेले. लेक मला हळूच म्हणाली, "म्हणजे ते खरं नव्हतं?" लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, मॉर्फिनची मात्रा, कॅल्शियम वाढणं, यांतल्या कशानंही मेंदू असा गोंधळतो, आणि त्यातलं बरंचसं दुरुस्त होतं. पण दुसरी एक म्हातारी दिवसाढवळ्या, वार-तारीख नीट सांगत, हसत म्हणायची की आई पायाशी येऊन बसते. तिला ना भीती, ना गोंधळ. तिथे तपासण्या नकोत आणि औषधही नको. त्या आईला आम्ही कुणी उठवलं नाही.

या सगळ्यात देव आलाच पाहिजे असं काही नाही. एक निवृत्त एस.टी. कंडक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले, "जय भीम, मॅडम. आमच्यात देव नाही, तेवढं लिहून घ्या." फुप्फुसाचा आजार, ऑक्सिजनचं यंत्र शेजारी घुरघुरत होतं. मी विचारलं, मग रात्री दम लागतो तेव्हा कशाचा आधार वाटतो? त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याखाली वस्तीतल्या वाचनालयाची हिशोबाची वही. ते वाचनालय त्यांनी आणि मित्रांनी मिळून चालवलं होतं. त्यांची तळमळ दोन गोष्टींची: वही कुणाच्या हाती द्यायची, आणि आपल्या मागे नातेवाईक नको ते विधी करतील. कॅनडातले डॉ. हार्वे चोचिनोव्ह यांनी अशा रुग्णांसाठी एक पद्धत बसवली आहे. रुग्णाला त्याच्या आयुष्याबद्दल ठरावीक प्रश्न विचारून उत्तरं ध्वनिमुद्रित करायची, उतरवून काढायची, त्याला वाचून दाखवून दुरुस्त करायची आणि त्याच्या माणसांच्या हाती द्यायची. आम्ही ते मोबाइलवर केलं. दोन वाक्यांत दम लागायचा, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी. त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी मी अपेक्षिल्या होत्या. त्यांनी बराच वेळ सांगितलं ते सुट्या पैशांवरून प्रवाशांशी झालेल्या भांडणांबद्दल, आणि एकदा रात्री शेवटच्या गाडीत एकट्या राहिलेल्या मुलीला घरापर्यंत सोडायला गाडी कशी थांबवून ठेवली त्याबद्दल. शेवटी सही केलेला एक कागदही झाला: बुद्धवंदना घ्यावी, बाकी काही करू नये. वही सुनेकडे गेली. मुलाला ते आवडलं नाही, पण कागदावर तसं होतं.

गेल्या काही काळापासून आम्ही आशाताईंसाठी छोटी प्रशिक्षणं घेतो. त्यांच्याकडे वेळ नसतो. लसीकरण, बाळंतिणी, सर्वेक्षण, आणि वरून आम्ही. एकीनं सरळ विचारलं, "मॅडम, बारा प्रश्न आम्हाला जमायचे नाहीत. एकच सांगा." पथकात थोडी चर्चा झाली आणि आम्ही ठरवलं: 'आजार झाल्यापासून काय करायचं सोडलंय?' असं विचारायचं. उत्तर आलं की पुढे, कशामुळे सोडलं. हरिपाठ, देवघर, वही, सगळं याच वाटेनं सापडलं होतं. उत्तरं यायला लागली ती आम्हाला सुचली नसती अशी. एकानं आरशात बघणं सोडलंय. एकीनं लेकीला फोन करणं सोडलंय, आवाज ऐकून ती रडते म्हणून. एका मिश्री लावणाऱ्या बाईनं शेजारणीकडे बसायला जाणं सोडलंय, कारण मिश्रीमुळेच हे झालं असं ती शेजारीण सगळ्यांना सांगते, आणि ते खरंही आहे.

मोहोळकडच्या एका आशाताईंनी कळवलं की त्यांच्या गावातल्या गालाच्या कर्करोगाच्या माणसानं पारावर जाऊन बसणं सोडलंय. देवाचं तो नीट करतो, जेवणही नळीतून व्यवस्थित घेतो, फाइलीप्रमाणे त्याचं सगळं ठीक चाललंय. पण लाळ गळते, सारखं उपरणं लावावं लागतं, पोरं बघतात. चाळीस वर्षं तो संध्याकाळी त्याच पारावर बसत आला होता. डॉक्टरांनी लाळ कमी करणारं औषध सुरू केलं आहे. ते घेतल्यावर तोंड फार कोरडं पडतंय का, तेही बघावं लागेल. पारावरच्या दोघा जुन्या मित्रांना आशाताई परस्पर भेटून आल्या. त्यांना वाटत होतं, त्याला विश्रांती हवी म्हणून तो येत नाही. आता ते घरी जाणार आहेत, का पारावर चल म्हणणार आहेत, का नुसतेच तंबाखू मळत बसणार आहेत, ते मंगळवारच्या भेटीत कळेल.